व्हायोलिनमधले अकरा दोष

"अहो, ही बाई म्हणजे मी आहे!"

घड्याळजींच्या बायकोने संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवले. घड्याळजींनी कपाळाला आठ्या घातल्या. पडद्यावर त्यांचाच शेरा होता : 'सत्ताविसाव्या मिनिटाला एक बाई कोणाला तरी तीनदा "अहो" अशी हाक मारते. उच्चार कर्कश. ज्याला हाक मारली जाते तो ओ देत नाही.'

"कशावरून तू?"

"काम आटोपून नळवाला पैशांसाठी दारात उभा होता म्हणून मीच हाका मारल्या. तीनदा. कर्कश! आणि ओ दिला नाही तो कोण, ते वेगळं सांगायला हवं का?"

घड्याळजींनी आयुष्यभर लोकांची घड्याळे कानाला लावून दुरुस्त केली होती. दुकान बंद केल्यावर एवढ्या तयार कानांचे करायचे काय, या प्रश्नाला त्या संकेतस्थळाने उत्तर दिले. शास्त्रीय संगीताचे ते फुकट भांडार होते. कोणीही घरातले जुने ध्वनिमुद्रण पाठवावे आणि कोणीही ते ऐकावे. मध्ये फक्त तीन परीक्षक. दोघांनी 'टाकाऊ' म्हटले, की शनिवारी दुपारी बारा वाजता ते कायमचे बाद. पहिल्याचा शेरा बाकीच्या दोघांना दिसायचा, आणि पहिला शेरा नेहमी घड्याळजींचाच असायचा, कारण दुसऱ्या कोणी आधी बोललेले त्यांना खपत नसे.

या आठवड्यात एका निवृत्त परिचारिकेने आपल्या भावाचे अठ्ठेचाळीस मिनिटांचे व्हायोलिनवादन पाठवले होते. सोबत दोन ओळी : 'भाऊ गेला. कुठल्या सभागृहात त्याला कधी बोलावलं नाही. कोणीतरी ऐकावं, एवढंच.' घड्याळजींनी हेडफोन चढवले. बंद हेडफोनमध्ये संगीत गुदमरते असे त्यांचे मत होते, म्हणून त्यांनी मुद्दाम उघड्या जाळीचे घेतले होते. त्यांतून व्हायोलिन मोकळेपणाने आत येत होते आणि सगळे घरही. त्यांनी अकरा दोष टिपून 'टाकाऊ' असा निकाल दिला.

आता बायकोने खुर्ची ओढली आणि यादी वाचायला घेतली. "नवव्या मिनिटाला घंटा. ही आपल्या दाराची. एकविसाव्या मिनिटाला साथीदार अत्यंत बेताल... अहो, साथीला कोणी होतं का?"

"ठोकत होता ना कोणीतरी."

"नळवाला! पाइपावर हातोडी मारत होता!"

घड्याळजींनी घाम पुसला. शुक्रवारची संध्याकाळ होती. त्यांनी ताबडतोब दुसऱ्या परीक्षकाला, म्हणजे दंतवैद्याला, फोन लावला. "डॉक्टर, माझी चूक झाली. ती घंटा माझ्या घरची."

"छे हो! मी स्वतः ऐकली. जुन्या वास्तूत घुमते तशी घुमत होती."

तिसरा परीक्षक प्राध्यापक. तो तर आणखी पुढे गेला. "साथीदार बेतालच आहे, त्यावर मी ठाम आहे. बाईबद्दल मात्र तुमच्याशी मतभेद. त्या हाकेत मला आर्तता जाणवली."

"आर्तता कसली? ती माझी बायको आहे!"

"तुम्हाला सवय झाली असेल," प्राध्यापक म्हणाला. बायको शेजारीच उभी होती. तिने पहिल्यांदाच प्राध्यापकाच्या बाजूने मान हलवली.

संकेतस्थळाच्या अध्यक्षबाईंनी फोनवर सगळे शांतपणे ऐकून घेतले. "तुम्ही शेरा मागे घेतलात, तरी दोन 'टाकाऊ' उरतातच. नियम म्हणजे नियम. उद्या बाराच्या आत सुधारलेली प्रत आली, तर पुन्हा परीक्षण करता येईल. दोषांची यादी मी त्या परिचारिकाबाईंना कळवलीच आहे."

घड्याळजींनी फोन ठेवला. ती बाई बिचारी घंटा काढायला म्हणून नववे मिनिट कापणार, 'अहो' काढायला सत्ताविसावे. मेलेल्या माणसाचे वादन आपल्यामुळे अकरा ठिकाणी कापले जाणार. तिला फोन करावा म्हणून त्यांनी चारदा फोन उचलला आणि चारदा ठेवला. अशा वेळी बोलायचे काय, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

शनिवारी साडेदहाला नवी प्रत आली. नाव होते : 'दोष काढलेली प्रत'. घड्याळजींनी दार लावले, बायकोला गप्प राहण्याची विनंती केली आणि जीव मुठीत धरून ऐकायला बसले. नवव्या मिनिटाला डोळे मिटले. व्हायोलिन सरळ पुढे गेले. सत्ताविसावे मिनिट तर त्यांना इतके सुंदर वाटले, की त्यांना स्वतःचीच चीड आली. एक क्षणही कापलेला नव्हता. हेडफोन काढून पाहतात, तर बाकीच्या दोघांचे शेरे केव्हाच येऊन पडले होते. प्रत आल्यापासून चौथ्या मिनिटाला दंतवैद्य : 'उत्तम! घंटा समूळ गेली.' सहाव्या मिनिटाला प्राध्यापक : 'साथीदार आता तालात. बाईंच्या जाण्याने चुटपुट लागते, तरीही उत्तम.'

घड्याळजींनी स्वतःचे 'उत्तम' नोंदवले आणि पाचव्यांदा फोन उचलला. या वेळी तो लावला.

"ताई, मी पहिला परीक्षक बोलतोय. ते दोष... ते आमच्या घरचे होते."

"माहीत आहे मला," पलीकडून परिचारिका म्हणाली. "तो वाजवत होता तेव्हा खोलीत मी एकटीच होते, आणि मी काही त्याला अहो म्हणत नव्हते. मी फक्त नाव बदलून तीच प्रत परत पाठवली. चौथ्या मिनिटाला 'उत्तम' आलेलं मलाही दिसलं."

"तुम्ही रागावला असाल."

"रागावले ना. रात्रभर चरफडत होते. मग सकाळी तुमची यादी पुन्हा वाचली. नववं मिनिट, एकविसावं, सत्ताविसावं, शेवटचा दोष थेट सत्तेचाळिसावं. म्हटलं, दारावर घंटा वाजतेय, घरात ठोकाठोक चाललीय, बायको हाका मारतेय, तरी हा माणूस माझ्या भावाला सोडून उठला नाही. एवढं त्याचं कोणी कधी ऐकलं नव्हतं हो."

घड्याळजींचे डोळे भरून आले होते आणि त्याचा त्यांना भयंकर राग येत होता.

"त्याच्या आणखी बेचाळीस कॅसेटी आहेत," परिचारिका म्हणाली. "सगळ्या तुमच्याकडे पाठवते. त्या दोघांना नुसती यादी द्या, ऐकायचा त्रास नको."