मिशाळ माशाच्या मोहिमेची हकीकत

धरणाखालील डोहाची लढाई कैसी जाहली, ते साद्यंत लिहून ठेवावे ऐसी मर्जी जाहली. त्यास, पदरचा मीठमसाला न घालता मजकूर ऐसीजे:

पूर्वी नदी आपल्या मुलुखाची खावंद होती. मग धरण जाहले, आणि धरणातून कालवा निघाला, आणि कालव्याने अवघे पाणी कबज्यात घेतले, आणि नदीच्या वाट्यास झडपेतून येणारी करंगळीएवढी धार आणि एक डोह राहिला. तीही धार बंद करावी, ऐसे कालवेखात्याच्या साहेबांच्या मनी आले. शर्त इतुकीच ठरली की, बोटभर लांबीचा पट्टेरी मिशाळ मासा, जो दुसऱ्या कोण्या नदीत नाही, तो सूर्यास्ताच्या आत साहेबांस जिवंत दाखवावा. न दाखविल्यास झडप बंद, आणि मिशाळाचा वंश खलास.

मासेमोजणीच्या बाई या मोहिमेच्या सरनोबत. खात्याने कुमक नाकारिली, सबब बाईंचे नवरोजी जाळ्याच्या दुसऱ्या टोकास नामजाद जाहले, आणि सासूबाई बादलीच्या किल्लेदार.

साहेब गाडीत काचा लावून फोनवर मसलत करीत बैसले. इकडे पहिल्या फेरीस जाळ्यात परमुलखी मासे गवसले, जे कोणी हौसेने धरणात सोडिले होते. दुसऱ्या फेरीस एक चप्पल. मग खुद्द नवरोजी गवसले, त्यांस सोडविता सोडविता दुपार सरली. आणि मग, उन्हे कलता, साक्षात मिशाळ! बाईंनी तो हळूच बादलीत ठेविला आणि साहेबांस आणावयास धावल्या. साहेब गमबूट चढवून डुलत डुलत आले, आणि पाहतात तो बादली रिकामी.

किल्लेदारांनी किल्ला खाली केला होता. घरी जेवताना सूनबाईंचे एकच पालुपद की मासा मोजला की लगेच पाण्यात सोडावा, त्याबरहुकूम सोडिला.

"अगं, तूच म्हणतेस ना, जीव घाबरतो त्याचा!" ऐसे बोलून सासूबाई शाबासकीची वाट पाहत उभ्या राहिल्या. बाईंस हसावे की रडावे कळेना. आपलीच शिस्त आपल्या मुळावर आली, आता कोणास बोल लावावा? डोळे मात्र भरून आले.

साहेबांनी फर्मान सोडिले की गाशा गुंडाळावा, आणि ते बजाविण्यास, स्वहस्ते जाळे काढावयास, तावातावाने पाण्यात उतरले, आणि गुडघाभर गाळात रुतले. बाईंनी एक हात आणि नवरोजींनी दुसरा ओढिता साहेब वर आले; एक बूट तळाशी कैद राहिला. मिशाळाची जातच ऐसी की अंधारे बीळ दिसले की आत घुसावे. साहेब लंगडी घालीत खात्याच्या नावे ठणाणा करीत असता, सासूबाईंनी पदर खोचून बूट उपटिला, आणि बादलीत उपडा केला. गाळ पडला, खडा पडला, आणि मग मिशा फेंदारून मिशाळ पडला.

साहेब नाही कैसे म्हणतील? बूट त्यांचाच. निमूट फोन करून झडपवाल्यास ताकीद दिली की धार चालू ठेवावी. मग सासूबाईंनी बादली उचलिली, आणि या खेपेस अवघ्यांकडे पाहून पुसिले, "आता सोडू का?"

बाई बोलण्याआधी, एका मोज्यावर उभे असलेले साहेबच कळवळून बोलून गेले, "सोडा हो, जीव घाबरतो त्याचा!"

येणेप्रमाणे फत्ते जाहली. करंगळीएवढी धार कायम, डोह कायम. शाई वाळली; साहेबांचा बूट अद्याप वाळावयाचा आहे.