छत्तीसचा शर्ट

शर्टांची मापं या वेळी कॉम्प्युटर काढेल असं जावईबापूंनी ठरवलं, आणि तिथेच माशी शिंकली.

बेत मुळात साधा होता. सासऱ्यांना रविवारी पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. आयुष्यात कुणाकडे काही न मागितलेल्या त्या माणसानं या वेळी एकच गोष्ट मागितली होती: सगळ्या घराण्याचा एक फोटो, आणि सगळ्यांच्या अंगात एकाच कापडाचे शर्ट. सासरे चाळीस वर्षं शिंपीकाम केलेले. कुणी दारातून आत आलं, की 'या, बसा'च्या आधी त्यांच्या तोंडून त्याच्या छातीचं माप निघायचं.

"मीच सांगतो की सगळ्यांची मापं," ते म्हणाले.

"छे, छे! वाढदिवस तुमचा. तुम्ही आराम करा. मी आहे ना!"

'मी आहे ना' ऐकताच बायकोनं हातातलं काम खाली ठेवलं. (मागच्या वेळी 'मी आहे ना' म्हणत त्यांनी स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला होता. खालच्या मजल्यावरचे शेजारी अजून बोलत नाहीत.)

जावईबापू विम्याच्या कचेरीत कारकून. पण नुकताच त्यांनी तीन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला होता, आणि त्यातला एकच धडा त्यांना नीट समजला होता: वाक्यातून आकडा बाहेर कसा काढायचा. मग काय विचारता! घराण्याच्या ग्रुपवर त्यांनी फर्मान काढलं, 'आपापल्या छातीचं माप इंचात कळवा', आणि आदर्श म्हणून स्वतःचं उत्तर आधी टाकलं: '३६'. त्या उत्तरावर प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर आलं, ३६. जावईबापू बसल्या जागी फुगले.

"आणखी एखाद्या मेसेजवर चालवून बघा की," बायको म्हणाली.

"अगं, शितावरून भाताची परीक्षा!"

अडचण एवढीच होती, की त्या घराण्यात नुसता आकडा सांगायची रीतच नव्हती. थोरल्या मावशींनी लिहिलं, 'आता ६८व्या वर्षी कसले शर्ट घालायला लावता? बरं, ३८ करा.' धाकट्या मेहुण्यानं लिहिलं, '१० किलो कमी केलेत, त्यामुळे ४० पुरेल.' सासूबाईंनी लिहिलं, '५० वर्षं ह्यांच्याशी संसार केला, माझं माप ह्यांनाच विचारा. ३६ असेल.' प्रोग्रॅम बिचारा मेसेजमधला पहिला आकडा उचलायचा आणि पुढचं ऐकूनच घ्यायचा नाही. (या बाबतीत तो थेट जावईबापूंवर गेला होता.)

शर्ट शिवणाऱ्या कारखान्यातून फोन आला.

"साहेब, हा अडुसष्टचा शर्ट माणसासाठीच ना?"

"मावशी आहेत आमच्या."

"आणि हा दहाचा?"

"मेहुणा. त्यानं वजन कमी केलंय."

"एवढं?"

"हे पाहा, कॉम्प्युटरनं काढलेली मापं आहेत. तुम्ही डोकं चालवू नका, मशीन चालवा."

त्यांनी मशीन चालवलं.

रविवारी सकाळी सगळ्यांसमोर गठ्ठा सुटला. मावशींच्या शर्टात मावशी, त्यांची सून आणि सुनेची पर्स आरामात मावली. मेहुण्याचा शर्ट त्याच्या मनगटात अडकून बसला. फोटोग्राफर पाच वाजता येणार होता. सगळे पोट धरून हसत होते, फक्त सासरे हसत नव्हते. ते मांडीवरच्या शर्टावरून नुसता हात फिरवत होते. ते पाहून जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्यानं एकच गोष्ट मागितली होती, आणि आपण तिचं मातेरं केलं!

"बाबा, चुकलो मी."

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "मशीनवरची चादर काढा," ते म्हणाले. "कात्री कुठंय?"

आणि मग सहा वर्षं गप्प बसलेलं ते शिलाई मशीन जे धडधडायला लागलं, ते थांबेचना. टेपला कुणी हात लावला नाही. सासरे एकेकाकडे बघत, आकडा पुटपुटत आणि कापड कापत. सासूबाई सुईत दोरा ओवून देत होत्या. मावशींच्या शर्टातून उरलेल्या कापडात मेहुण्याचा आख्खा शर्ट निघाला. इतका खूश माणूस जावईबापूंनी स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता. (स्वतःसकट.)

पावणेपाचला सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमचा शर्ट?"

"माझा अगदी बरोबर आहे. छत्तीस." (खोटं नव्हतं. शर्ट छत्तीसचाच होता.)

"नक्की?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"नक्की!"

बाथरूममध्ये जाऊन, श्वास आत ओढून, जावईबापूंनी एकेक बटण लावलं आणि तसेच, श्वास न सोडता, मागच्या रांगेत येऊन उभे राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "हसा!" जावईबापू हसले.

तो फोटो आता सासऱ्यांच्या खोलीत लावलाय. तेवीस माणसं, एक सोडून सगळ्यांचे शर्ट अंगात नीट बसलेले, आणि सगळ्यांच्या नजरा कॅमेऱ्याकडे नसून हवेत उडालेल्या एका बटणाकडे. मधोमध बसलेल्या सासऱ्यांचे ओठ जरासे उघडे आहेत. पाहुण्यांना वाटतं, ते हसताहेत.

ते 'बेचाळीस' म्हणत होते.