वर पाहायचं राहून गेलं

"रानमा पाहुणासारखं जावानं, पोरी. काही तोडानं नही, काही ठेवानं नही. आनि चूल पेटाडाना आगोदर वर देखानं."

असं बजावणाऱ्या शिरपूरच्या सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी जळगावच्या बिऱ्हाडात स्टोव्ह पेटवतानासुद्धा द्रौपदाबाई एकदा छताकडे पाहत. नेम म्हणजे नेम. सोमवारचा उपास, तुळशीला पाणी, चातुर्मासात वांगं वर्ज्य. नेमात नसून रोज घडणारी गोष्ट एकच होती: शेजारच्या यशोदाबाईंचा हेवा.

कारण भरीत. चंपाषष्ठी झाली, की यशोदाबाईंकडून वाटीभर भरीत यायचं आणि द्रौपदाबाईंचे यजमान देवचंदभाऊ बोटं चाटत म्हणायचे, "काय हात आहे वहिनींचा!" द्रौपदाबाईंचं भरीत खाल्लं की ते म्हणत, "चला, पोट भरलं." यातला फरक न कळण्याइतक्या द्रौपदाबाई भोळ्या नव्हत्या.

म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी देवीला जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी हळू आवाजात, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "यंदा भरीत मी करते."

"दोघी करा ना अक्का," सहल ठरवणाऱ्या रुक्माबाई म्हणाल्या. "होऊन जाऊ द्या एकदाचं. कळेल तरी कोणाचा हात कसा ते."

यशोदाबाईंचा चेहरा पडला. द्रौपदाबाईंना वाटलं, नखरे.

मॅटाडोर देवळापाशी पोचली. दर्शन झालं. यशोदाबाईंनी नाल्याकाठी उघड्या वाळूत जागा धरली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसल्या. त्यांची भरीत कुटायची खोलगट लाकडी बडगी फडक्यानं गच्च झाकलेली होती. 'मसाला दिसू नये म्हणून!' द्रौपदाबाई मनात म्हणाल्या. आता यशोदेपेक्षा चांगली जागा हवीच. त्यांनी एका उंच सादड्याच्या झाडाची गार सावली निवडली, हिरवी वांगी मांडली आणि घरून आणलेल्या कपाशीच्या काड्यांना काडी लावली. काड्या दवानं ओलसर होत्या. धूर उठला.

रोज छताकडे पाहणाऱ्या द्रौपदाबाईंनी त्या दिवशी वर पाहिलं नाही. त्या शेजारी पाहत होत्या.

"अगं," देवचंदभाऊंचा आवाज आला, "ते झाडावर काळं सुपासारखं काय लोंबतंय?"

काळं सूप हललं. मग ते उडालं.

"आग्या मोहोळ! पळा!"

रुक्माबाई चप्पल सोडून पळाल्या. ड्रायव्हर गाडीत शिरला आणि त्यानं आधी स्वतःची काच वर केली. देवचंदभाऊ बायकोच्या नावानं हाका मारत होते, पण गाडीच्या दिशेनं धावत मारत होते. यशोदाबाईंनी मात्र आधी स्वतःच्या चुलीवर कळशी उपडी केली, मग धावत येऊन दुसरी कळशी द्रौपदाबाईंच्या जाळावर, आणि त्यांना खेचून एका गोधडीखाली घेतलं.

'हेसुद्धा हिनंच केलं!' त्या अंधारातही द्रौपदाबाईंच्या मनात आलंच.

बाहेर घूं घूं चाललं होतं. आत यशोदाबाई मुसमुसत होत्या.

"चावली का गं कुठं?"

"पायाला. पण त्याचं नाही अक्का... बडगी तिथंच राहिली. ह्यांच्या आईची आहे. ह्यांचा तिच्यात जीव."

"छगनभाऊंना काय करायचीय बडगी?"

यशोदाबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"भरीत तेच करतात अक्का. मला तर वांगं नीट भाजताही येत नाही. आजचंही त्यांनीच घरी करून दिलेलं. मी नुसता जाळ करून बसले होते. कोणाला सांगू नका, त्यांच्या गिरणीत हसतील त्यांना!"

द्रौपदाबाई गोधडीत थिजल्या. इतकी वर्षं त्या ज्या हाताचा हेवा करत होत्या, त्या हाताला मिशा होत्या!

"नाही सांगणार," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि बडगी मी आणून देते. मोहोळ उठवलं मी, आणायचीही मीच."

माश्या जरा विरळ होताच सगळे कसेबसे गाडीत कोंबले गेले. परत जाऊन सामान गोळा करायची कोणाची छाती नव्हती. उपाशी पोटी जळगाव आलं.

"वहिनींचं भरीत राहिलं बघ तिथंच," घरी कानाची पाळी चोळत देवचंदभाऊ म्हणाले. "काय हात आहे त्यांचा! तू शिकून का घेत नाहीस?"

सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. द्रौपदाबाईंनी ते प्रसादासारखं गिळलं.

"पाणी दे गं," देवचंदभाऊ म्हणाले. माठ त्यांच्या कोपराला लागलेला होता.

दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालून द्रौपदाबाईंनी एक रिकामं पोतं घडी करून पिशवीत ठेवलं. बडगी आणायची होतीच; पण विझलेल्या काड्या, वांगी, रुक्माबाईंच्या चपला, सगळं अजून रानात होतं. पाहुणे गेले होते आणि पसारा राहिला होता.

"कुठं निघालीस?" पांघरुणातून आवाज आला.

"एसटीनं जाऊन येते. देवीकडे."

"आणि माझा चहा?"

त्यांनी पायात चपला सरकवल्या. ओसरीवरून यशोदाबाईंची उघडी खिडकी दिसत होती. सुजलेला पाय उशीवर टाकून यशोदाबाई बसल्या होत्या, आणि छगनभाऊ बशीत चहा ओतून, फुंकर घालून त्यांच्यापुढे धरत होते.

द्रौपदाबाईंच्या काळजात, भरिताच्या वेळी कधी उठली नव्हती अशी, सणसणीत कळ उठली.

आता शेजारी पाहायचं नाही, असं स्वतःला बजावून त्यांनी नेमानं वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं. पिशवी काखेला लावून त्या हळूच गल्लीबाहेर पडल्या.