चौगुले सरांची दीर्घिका

चौगुले सर मापं घ्यायला बसले की कॉलेजच्या त्या मजल्यावर चपलांना बंदी. कोल्हापुरी चपलेची करकर म्हणे थेट सूक्ष्मदर्शकात शिरते आणि रेघ हलते. एकदा खुद्द प्राचार्य चपला हातात धरून माझ्याकडं आले आणि दबक्या आवाजात विचारलं, झालं का त्यांचं? मी काय सांगणार? कित्येक वर्षं झालं नव्हतं.

प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारी, गल्लीत घरंही शेजारी. मला सुटकाच नव्हती.

सरांकडं एका दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या एका थव्याच्या, वर्णपटाच्या काचा होत्या, म्हणजे तिच्या उजेडाचे रंग वेगळे करून काचेवर घेतलेले फोटो. त्यावरच्या बारीक रेघांची रुंदी ते मोजत. कशासाठी, असं विचारलं तर म्हणत, "कुस्तीच्या मैदानाबाहेर उभं ऱ्हायचं. आतलं कुणी दिसत न्हाय, नुसता गलका. त्यावरनं सांगायचं, आत म्हातारी किती, पोरं किती." हायड्रोजनची रेघ रुंद, तर तरुण तारे, धातूंच्या रेघा ठळक, तर म्हातारे. ही दीर्घिका म्हातारीच, असं जगानं ठरवलं होतं. सरांचं एकच पालुपद: "सरासरीवर जाऊ नका की."

बाजारात भाजीवालीनं वांगी चांगली म्हटलं तरी हेच, आणि मग एकेक वांगं उलटंपालटं. आभाळाकडं मात्र कधी बघायचे नाहीत. माझ्या पोरांनी ध्रुवतारा विचारला तर म्हणाले, आमच्या आईला विचारा, तिला ठावं हाय.

रविवारीही मला ओढून नेत. त्यांचं माप लपवायचे आणि मला मोजायला लावायचे. आकडे जुळत नसत आणि घरी मटण गार व्हायचं.

अशाच एका रविवारी आकडे जुळले. हायड्रोजनची रेघ खरंच रुंद होती. त्या म्हाताऱ्या गर्दीत तरुण तारे होते. सरांनी काच पुसून ठेवली आणि ते घरी गेले.

मी जेवून आडवा झालो, तोच सर दारात. आता काय राहिलं, मी वैतागूनच विचारलं.

त्यांची आई कानानं मंद. थोरला भाऊ मागावर कामाला इचलकरंजीला गेला, नातवंडंही गेली. तेव्हापासून घरात ही दोघंच. आनंदाच्या भरात सरांनी तिला ओरडून सांगितलं होतं, म्हाताऱ्यांच्यात पोरं हायत. तिनं शेवटचं तेवढं ऐकलं.

"दादाची पोरं आली वाटलं तिला," सर उंबऱ्याकडं बघत म्हणाले. "तांदूळ धुऊन चुलीवर ठेवलाय. न्हाय कसं म्हणू?"

मी उठून बसलो.

"तुमची पोरं नेऊ का जेवायला? वळखंल ती. पर पंगत तरी बसंल."

पोरं नुकतीच पोटभर जेवून उठली होती. बायकोनं त्यातलं काही न सांगता धाकटीचे केस विंचरायला घेतले.