भरल्या घागरीची नेमणूक

धोंडेवस्तीच्या बनुबाईला सरकारी नोकरी लागली.

हे वाक्य वाचकांनी वाचलेले नाही असे समजावे. नोकरभरतीत निकाल आधी लागतो आणि मुलाखत नंतर होते हे सर्वमान्य सत्य असले, तरी कागदोपत्री मुलाखत आधी दाखवावी लागते. तेव्हा बनुबाईला काहीही लागलेले नाही. ती ओट्यावर बसून रेशनची मिलो ज्वारी निवडते आहे, आणि तिचा पुतण्या कानिफनाथ मुलाखतीचा कॉल उन्हात धरून त्यावरचा शिक्का खरा आहे का बघतो आहे.

कानिफनाथ मॅट्रिक झालेला होता (एकदम नाही, विषयवार). जागा होती टँकर कारकुनाची. बहात्तरच्या दुष्काळात धोंडेवस्तीला सरकारी टँकर यायचा. तो आला की 'आला' असे लिहायचे, आणि नाही आला तरी घाबरून न जाता तेच लिहायचे, असे ते जबाबदारीचे काम होते. कानिफनाथाला ते हवे होते मालनसाठी. सोनईच्या बाजारात मालन त्याला एकदा "वांगी दाबू नका" असे म्हणाली होती आणि तेवढ्यावर तो दीड वर्ष जगत होता. तिचे वडील आसाराम मात्र स्पष्ट बोलले होते.

"घरात सरकारी नोकरी असंल तर पोरगी देईन. पाडव्यापतोर थांबतो. मग भिंगारचं स्थळ हायच."

नोकरी मिळवण्याच्या शास्त्रात धोंडेवस्ती फार पुढे होती. अभ्यास करून नोकरी लागल्याचे एकही उदाहरण गावात नव्हते (अभ्यास केल्याचेही नव्हते), म्हणून गावाने सगळा भर नशिबावर ठेवला होता. निघालेल्या माणसाला 'कुठं चाललास' असे विचारायचे नाही, हा पहिला नियम. तो इतका कडक पाळला जाई की सहादेव सासुरवाडीला जाऊन महिनाभर राहिला तरी त्याच्या बायकोने विचारले नाही. दुसरा नियम, भरली घागर घेतलेली सवाशीण समोरून आली पाहिजे.

इथे अडचण आली. विहिरी कोरड्या. टँकर यायचा त्याच्या मर्जीने. सकाळी घराबाहेर पडावे तर समोरून रिकाम्या घागरींची रांग, म्हणजे कॉल आपल्या हाताने फाडल्यासारखेच. शेवटी ग्रामसभेने ठराव केला की मारुतीच्या देवळात एक घागर कायम भरलेली राहील, ती फक्त उमेदवारांसमोर फिरवली जाईल, आणि तिच्यातले पाणी पिण्यासाठी तहान हे कारण ग्राह्य धरले जाणार नाही. घागर डोक्यावर घेण्यासाठी बनुबाईची निवड झाली. ती लग्न होऊन आली त्या साली पाऊस बरा झाला होता. नंतरच्या सालांची जबाबदारी ग्रामसभेने तिच्यावर टाकली नाही.

एका जागेसाठी गावातल्या सात जणांना कॉल आले. शकुन सातांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला तांब्याभर नशीब येणार, म्हणून दर उमेदवाराला स्वतंत्र घागर भेटावी असे ठरले. घागर एकच असल्याने बनुबाईने समोरून जायचे, देवळामागून वळसा घालून परत यायचे आणि पुढच्याला भेटायचे. कानिफनाथ शेवटचा होता.

"काकी, दमली का गं?"

"दमायचं काय त्यात. पर मघा सहादेवच्या येळंला दोन थेंब सांडले. तुला थोडी उणी चालंल का?"

"दोन थेंबांनी काय हुतंय?"

"मालनचं नाक बसकं निघंल, दुसरं काय."

देवळासमोरच्या एस.टी.च्या थांब्यावर लिंबाखाली एक जीप पंक्चर होऊन उभी होती आणि तिला टेकून पांढऱ्या बुशशर्टातला एक गृहस्थ घाम पुसत होता.

"त्यो कोन रे?" बनुबाईने विचारले.

"असंल कुनी कॉलवाला."

"तोंड बघ की त्याचं. त्याला कोन हाय इथं? जाते त्याच्याबी म्होरनं."

"काकी, एका जागंला आठवा कशाला वाढवती?"

पण बनुबाई निघाली होती. परका पुरुष म्हणून तोंडावरून पदर ओढून ती त्याच्यासमोरून गेली.

तो गृहस्थ टंचाई अधिकारी होता. गावाला टँकर खरोखर लागतो का, हे न सांगता बघायला आला होता. त्याने सकाळपासून आठ बायका आठ भरल्या घागरी घेऊन जाताना पाहिल्या. पंक्चर निघेपर्यंत त्याचा अहवाल मांडीवर लिहून झाला होता: 'गावात पाणी मुबलक असून महिला ते घेऊन विनाकारण हिंडताना आढळतात. टँकर बंद करावा.' जीप एस.टी.च्या पुढे नगरला पोचली. साहेबांनी अहवालावर सही केली आणि बघतात तर टेबलावर त्यांच्या बढतीचा हुकूम. चार वर्षे अडकलेला.

दुपारी कानिफनाथ मुलाखतीला आत गेला, तर आठवा उमेदवार टेबलाच्या पलीकडे बसलेला.

"धोंडेवस्ती का? तुमचा टँकर बंद झाला. टँकर नाही म्हणजे कारकून नाही. या आता."

"साहेब, गावात टिपूस न्हाई."

"मी स्वतः आठ घागरी मोजल्या."

"एकच हाय साहेब. अन् बाईबी एकच, माझी काकी. ती शकुनाची घागर हाय. ज्याच्याम्होरनं जाईल त्याचं काम हुतं."

साहेबांनी बढतीच्या हुकुमाकडे पाहिले. मग समितीतल्या दुसऱ्या सदस्यांनी खुर्ची पुढे ओढून हळूच विचारले, "उजव्या बाजूनं येते का डाव्या?"

पुढच्या आठवड्यात कार्यालयात 'पाणीवाहक, स्त्री, सवाशीण' असे एक नवे पद निर्माण झाले. सर्वांत योग्य उमेदवार एकच होती. रोज सकाळी कार्यालयाच्या नळावर तीच देवळातली घागर भरायची आणि साहेब जीपमध्ये बसताना समोरून जायचे. आता बनुबाईला दोन जिल्ह्यांतून मागणी आहे. टँकर सुरू व्हावा म्हणून गावाने अर्ज केला, त्यावर घागर एकच असल्याचा पुरावा म्हणून घागर सादर करण्याचा आदेश आला. घागर सरकारजमा असल्याने ती देता येत नाही, असेही त्याच कार्यालयाने कळवले आहे.

आसाराम शब्दाला जागले. "घरात नोकरी पायजे म्हनलो हुतो. कुनाला, ते म्हनलो न्हवतो," ते म्हणाले, आणि पाडव्याला लग्न झाले. मालनचे नाक व्यवस्थित आहे. नवरा काय करतो असे कुणी विचारले की ती म्हणते, "चुलतसासू नोकरीत हायेत."

सबब, ज्या वाचकांना आपली सध्याची नोकरी केवळ स्वतःच्या गुणांवर मिळाली आहे अशी खात्री आहे, त्यांना नम्र विनंती की त्यांनी आठ दिवसांत राजीनामा देऊन त्याच जागेसाठी पुन्हा अर्ज करावा. येताना मामा, साहेबांचे मेहुणे व मागच्या खेपेचे नशीब सोबत आणू नये.