नऊ वर्षांनंतरचा चषक

दगडी वेस तालमीचा फुटबॉल संघ नऊ वर्षांनंतर जिंकणार असलेला चषक गेल्या दिवाळीत कुरिअरने येऊन पोचला. चांगला दीड हात उंच, वर नऊ वर्षांनंतरचं साल कोरलेलं आणि खाली अकरा खेळाडूंची नावं. त्यांतलं एकही नाव पेठेत कुणाच्या ओळखीचं नव्हतं.

चषकासोबत अटींचा कागद होता. पण दगडी वेशीत चषक आला की आधी मिरवणूक निघते, बाकीचं सगळं नंतर. अध्यक्ष विश्वासराव इंगवल्यांनी पोचपावतीवर सही ठोकली, ट्रॅक्टर सजला, बेंजो लागला, चार पोती गुलाल उधळला गेला. सोळा वर्षं संघाचा गोल सांभाळणारा आणि सोळा वर्षांत एकही चषक न पाहिलेला दौलत चौगुले ट्रॉलीत उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडला.

कागद दुसऱ्या दिवशी वाचला. चषक प्रत्यक्ष जिंकण्यापूर्वी संघाने सलग नऊ हंगाम हरायचे होते. मधे एकही सामना जिंकल्यास चषक पाठवणारी कंपनी तो परत नेणार होती. न वापरलेला चषक सात दिवसांत परत करण्याची सोय होती, मात्र गुलाल लागलेला चषक वापरलेला समजला जाणार होता.

लगेच बैठक बसली. "यात घाबरण्यासारखं काय बी न्हाई," अध्यक्ष म्हणाले. "याला संघबांधणी म्हणत्यात. मोठमोठे क्लब हेच करत्यात. फरक एवढाच, त्यांना चषक मिळंलच असं नसतंय. आपला कपाटात हाय."

"पण यंदा टीम चांगली जमलीया," दौलत म्हणाला. "आणि मी पस्तिशीचा झालोय, साहेब. माझा हा शेवटचा हंगाम."

"चांगली जमलीया हीच अडचण हाय," प्रशिक्षक गणीभाई शिकलगार गंभीरपणे म्हणाले. "चांगल्या टीमला हरायला सराव लागतो."

सराव सुरू झाला. आघाडीचे खेळाडू रोज सकाळी शंभर चेंडू गोलवरून मारायला शिकले. बचावाचे गडी समोरच्याला वाट कशी द्यायची ते शिकले. पहिला सामना तीन-शून्यने गेला आणि चौकात फलक लागला, ‘दणदणीत पराभवाबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो होता. दुसऱ्या सामन्यात पाच गोल बसले, तेव्हा पेढे वाटले. खालची वेस तालमीने फुटबॉल संघटनेकडे लेखी तक्रार केली, की गेली कित्येक वर्षं आम्ही यांना घाम गाळून हरवत आलो, यंदाच्या विजयाला काही चव नाही. संघटनेने उत्तर दिलं, की हरण्याविरुद्ध नियम नाही.

दौलतला हरण्याची सवय होती. पूर्वी हरल्यावर पेठ दोन दिवस त्याच्याशी बोलायची नाही. चहावाला ग्लास आपटून ठेवायचा. ते त्याला समजायचं. आता गोल बसला की लोक उठून टाळ्या वाजवायचे आणि नंतर पाठीवर थाप मारून म्हणायचे, "लई भारी सोडलास, दौलतराव!" ती थाप त्याला कानफटात बसल्यासारखी लागायची.

"गणीभाई, एक विचारू?" एकदा बूट सोडताना तो म्हणाला. "आपण पाया घालतोय, असं अध्यक्ष म्हणत्यात. पाया म्हणजे आम्हीच न्हवं?"

"व्हय."

"आणि वर राहायला कोण येणार?"

गणीभाईंनी शिट्टी खिशात घातली. "ते बाहेरनं येणार. नावं आलीत की तुझ्यापुढं."

हंगामातला शेवटचा सामना खालच्या वेशीशी होता. त्यांचा गोलकीपर खुर्ची घेऊन आला होता आणि शेंगा फोडत बसला होता. पण त्या दिवशी खालच्या वेशीलाही गोल मारायचा कंटाळा आला होता. शेवटची दोन मिनिटं उरली तरी शून्य-शून्य. पेठ काळजीत पडली. अखेर गणीभाईंनी खूण केली, दगडी वेशीच्या एकाने आपल्याच डी-मध्ये चेंडू हाताने धरला आणि खालच्या वेशीला पेनल्टी मिळाली.

दौलतने उजवीकडे पडायचं आणि चेंडू डावीकडून जाऊ द्यायचा, हे ठरलेलं होतं. पण मारणारा जांभई देत आला आणि त्याने चेंडू नुसता पायाने सरकवला. सोळा वर्षांत दौलतला इतकं कमी कुणी लेखलं नव्हतं. त्याचं डोकंच फिरलं. त्याने डावीकडे झेप घेऊन चेंडू छातीशी धरला आणि उठून असा काही लाथाडला, की तो थेट समोरच्या गोलपाशी गेला. तिथे दगडी वेशीचा सेंटर फॉरवर्ड चेंडू चुकवण्यासाठी खाली वाकला. चेंडू त्याच्या पाठीवर आपटून आत गेला. खुर्चीवरचा गोलकीपर शेंगा सावरत उठला, तेव्हा फार उशीर झाला होता.

पेठेने डोक्याला हात लावला. दौलत एकटाच हात वर करून धावत सुटला. आपण रडतोय, हे त्याला मध्यरेषेपाशी कळलं.

तालमीसमोर कुरिअरचा टेम्पो आधीच उभा होता. आत गावोगावच्या संघांना पोचवायची बरीच खोकी रचलेली होती.

"वाटोळं केलंस!" अध्यक्ष कडाडले. "नऊ वर्षांनी जिंकलो असतो की रे आपण!"

"आपण म्हणजे कोण?" दौलतने विचारलं.

अध्यक्षांनी चषकावरची अकरा नावं पुन्हा एकदा वाचली. मग चष्मा पुसत ते बाजूला जाऊन उभे राहिले.

कुरिअरवाल्याने चषक खोक्यात घातला, चिकटपट्टी मारली आणि फॉर्म पुढे केला. "माल परत जाण्याचं कारण लिहा."

कुणीच पुढे होईना, तेव्हा दौलतने पेन घेतलं आणि लिहिलं, ‘जिंकलो’.

"सविस्तर पाहिजे," कुरिअरवाला म्हणाला.

दौलतने त्यापुढे ‘एक-शून्य’ असं लिहिलं आणि सही केली.