पेनर मास्तर आणि पिकअपचं दार

"अस्वलाला घाबरणं ही माणसाची अडाणी खोड आहे. समोर आलं तर शांतपणे बाजूला व्हावं. वाट त्याची आहे," असं वॉल्टर पेनर मास्तरांनी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं. तेवढ्यात मागं टोस्टरमधून पाव उडाला, आणि खुर्चीतून मास्तर.

विनिपेगच्या शाळेत चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून मास्तरांनी पांढऱ्या अस्वलांचा कैवार घेतला होता. नऊ वर्षांची नात अनिका ही त्यांची एकुलती एक शिष्या. अस्वलं वाचवा म्हणून तिनं दारोदार फिरून दोनशे सह्या गोळा केल्या होत्या. आजोबा बोलतात ते खरंच असतं, असं मानणारं जगात हे एवढंच माणूस उरलं होतं. ते हातचं जाऊ देणं मास्तरांना परवडणारं नव्हतं.

पांढरी अस्वलं बघायला उत्तरेच्या समुद्रकाठच्या चर्चिल गावाला येऊन चौथा दिवस. संध्याकाळी परतीची रेल्वे, आणि अस्वलाचा पत्ता नाही. मास्तरांच्या पायाला भिंगरी लागली. पोस्टापासून धक्क्यापर्यंत आणि धक्क्यापासून पोस्टापर्यंत त्यांनी नातीला आणि बायकोला, हिल्डाला, तीनदा फिरवलं. दर फेरीला गावचा रिवाज समजावला: इथं कुणी गाडीला कुलूप लावत नाही, अस्वल आलं तर रस्त्यावरच्या कुणालाही आत शिरता यावं म्हणून. याला म्हणतात माणुसकी! हिल्डा म्हणाली, तिसऱ्यांदा ऐकताना माणुसकीपेक्षा थंडीच जास्त जाणवते.

चौथ्या फेरीला हार्डवेअरच्या दुकानामागून अस्वल आलं. बर्फाच्या ढिगाला पाय फुटावेत तसं.

शांतपणे बाजूला होण्याचा कार्यक्रम मास्तरांनी असा काही उरकला, की एका जुन्या पिकअपमध्ये आपण कधी पोचलो ते त्यांनाही कळलं नाही. दार ओढून घेतलं, आणि शहरात मुरलेल्या हातानं सवयीनं लॉक दाबलं. बाहेरून हिल्डा आणि अनिका तेच दार ओढत होत्या. हे मास्तरांच्या डोक्यात शिरेपर्यंत दोघी पळत जाऊन पलीकडच्या लाल गाडीत बसल्याही होत्या.

अस्वल मात्र पिकअपपाशीच आलं, कारण सीटवर कुणाचे तरी पिशवीभर मासे होते. त्यानं काचेला नाक लावलं. मास्तरांनी एक मासा उचलला, हँडल फिरवून काच दोन बोटं खाली घेतली, आणि समोर लाल गाडीच्या काचेला चिकटलेलं अनिकाचं तोंड दिसलं. ती जोरजोरात नकाराची मान हलवत होती. गावात एकदा खायला मिळालं की अस्वल पुन्हा पुन्हा येतं, आणि एक दिवस गोळी खातं, हे तिला मास्तरांनीच शिकवलं होतं.

मास्तरांनी काच वर केली, मासा छातीशी धरला आणि डोळे मिटून घेतले.

मग अस्वलांना हुसकणारं पथक आलं, फटाके वाजले, अस्वल समुद्राकडे निघून गेलं. पिकअपची मालकीण डोरीन म्हणाली, अशा वेळी मासे राखून बसलेला पाहुणा तिनं पहिल्यांदाच पाहिला. झालं! स्टेशन येईपर्यंत मास्तरांचं संयम या विषयावर व्याख्यान चालू होतं. कोटाला माशांचा घमघमाट.

अनिका आजीचा हात धरून चालत होती. लॉक हातानं लावलं, मनानं नव्हे, हे मास्तरांनी दोनदा सांगून पाहिलं. शेवटी फलाटावर त्यांना राहवेना.

"बरं, तू काहीतरी माग. म्हणशील ते कबूल."

अनिकानं जरा विचार केला.

"मासा दिला नाहीत ते छान केलंत, आजोबा," ती म्हणाली. "पण डब्यात दाराजवळ आजीला बसू द्याल?"